पाणी आलं की धुते

आमच्या हॉलच्या भिंतीवर आजोबांचा एकच फोटो आहे, आणि तो ते गेल्यानंतर काढलेला आहे. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, गळ्यात माळा घालून बसवतात. ज्या इष्टलिंगाची त्याने जन्मभर पूजा केली ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच, बसलेल्या स्थितीत पुरतात. आजोबांचा जिवंतपणी कुणी फोटो काढला नव्हता, म्हणून शेवटच्या दिवशी फोटोग्राफरला बोलावून आणलं. त्यामुळे आजोबा भिंतीवर डोळे मिटून बसले आहेत. मान किंचित कललेली आहे, आणि त्यांना मागून धरून ठेवणाऱ्या कुणाची तरी चार बोटं खांद्यावर दिसतात. लहानपणी मी आजोबांना नाही, त्या बोटांना भ्यायचे.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, तो फोटो अजिबात आवडायचा नाही. रोज सकाळी त्याला हार घालायचे आणि घालता घालता कुरकुरायचे, "झोपलेत का जागं हायत, काय कळत न्हाय." मग माझ्याकडे वळून ठरलेलं वाक्य म्हणायचे, "माझा असला लावू नका. डोळं उघडं असलेला लावा. तू फोटोवाली हायस की, तूच काढ एक धड."

"काढू की अप्पा," मी म्हणायचे. "घाई काय आहे?"

मी लिहायला बसले आहे ते त्या एका फोटोबद्दल.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या वर्गाकडून सफरचंदाची सावली काढून घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि बाथरूमच्या खिडकीला काळा पडदा लावून फोटो धुणं हे माझं वेड. लग्न झालं नाही. आधी जमलं नाही, नंतर मीच विषय बंद केला. अप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी, बाळीवेशीजवळचं छोटं घर आणि मागचं पत्र्याचं परसू, एवढाच आमचा पसारा. भाऊ पुण्यात असतो.

हातातल्या मोबाइलवर शंभर फोटो निघायच्या काळात ही बाई लाकडी खोका घेऊन बसते, याचं सगळ्यांना हसू यायचं. हसोत बापडे. खोका मीच केला होता. आतून काळा रंग, मागच्या बाजूला रोलची फिल्म, पुढे पत्र्याच्या तुकड्याला सुईने पाडलेलं भोक आणि त्यावर सरकवायची एक चकती. भिंग नाही, बटण नाही, आवाज नाही. चकती सरकवायची, बारा सेकंद थांबायचं, परत लावायची. त्या बारा सेकंदांत जे हललं नाही तेवढंच फिल्मवर धरतं. जे हललं ते पुसट होतं आणि फार हललं तर नाहीसंच होतं.

मला हेच पाहिजे होतं. चेहऱ्यांचा मला कंटाळा आला होता. चेहरा दिसला की लोक विचारतात, ही कोण, कुणाची, कुठली. मला माणसातून ते सगळं काढून टाकून नुसता आकार ठेवायचा होता, काळा, करडा, पांढरा. शेजारणींना परसात उभं करून मी सांगायचे, मान हळूहळू फिरवा, हात खाली सोडा, आता परत वर घ्या. फोटोत भिंत राहायची, भिंतीतला खिळा राहायचा, आणि मध्ये एक पांढुरका पट्टा, ज्याला खांदा कुठे सुरू होतो ते सांगता यायचं नाही. शेजारणी फोटो बघून तोंडाला पदर लावायच्या. आमच्या गल्लीत त्यांना भुताचे फोटोच म्हणतात. अव्वा तर म्हणायची, "दुसऱ्यांच्या लेकी बाथरूमात कपडं धुत्यात, आमची भुतं धुती."

तिचा खरा राग पाण्यावरून होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पिंप, बादल्या, घागरी सगळं भरून ठेवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. फिल्म साठवलेल्या पाण्यात कशीबशी धुता येते, पण कागदावरच्या प्रिंटला अर्धा तास वाहतं पाणी लागतं, नाहीतर पुढे ती पिवळी पडते. म्हणून प्रिंटचं काम मी नेहमी पाण्याच्या दिवसावर ढकलायचे. कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, पाणी आलं की धुते.

शेजारणी लवकरच कंटाळल्या. अप्पा कंटाळले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी नव्या पेठेतल्या एका कापड दुकानात मीटरने कापड मोजून कापलं होतं. त्यांनी कापलेला तुकडा घरी नेऊन कुणी परत मोजायचं नाही, एवढा त्यांचा हात सरळ. पुढे गुडघे धरतात म्हणून नोकरी सोडली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्यापाशी वेळच वेळ होता. मी खोका बाहेर काढला की ते पांढरा सदरा आणि टोपी घालून लोखंडी खुर्चीत येऊन बसायचे आणि दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवायचे.

सेकंद मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दुकानात कापड मोजताना पहिल्या मीटरला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही जुनी रीत. अप्पा फोटोलाही तसंच मोजायचे. "लाभ... दोन... तीन..." असं बारापर्यंत, प्रत्येक आकडा सारख्या अंतराने, कापड हातातून पुढे सरकवल्यासारखा. मोजताना ओठ हलायचे आणि फोटोत त्यांचं तोंड जायचं. मिशीच्या खाली काहीच नाही. 'मनातल्या मनात मोजा' एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तोंड नसलेला माणूस मला इतका आवडला होता, की मी सांगितलं नाही. उलट पुढच्या वेळी म्हटलं, अप्पा, मानही थोडी फिरवत राहा. मग डोळेही गेले.

प्रिंट वाळली की ते हात लांब करून बघायचे. "ह्यात मी कुटं हाय?"

"हे काय, तुमचीच तर खुर्ची."

"खुर्ची वळकली मी," म्हणायचे, आणि प्रिंट परत माझ्या हातात द्यायचे.

आठ-दहा रोल झाल्यावर फोटोंत एक नवीन गोष्ट आली. त्यांच्या डाव्या हाताच्या आरपार खुर्चीची दांडी दिसायला लागली. हात आहे, पण नाहीही. हात हलवा असं मी सांगितलं नव्हतं. मी ती प्रिंट घेऊन नाचतच परसात आले. अप्पांनी पाहिली आणि ओशाळून म्हणाले, "हाताला जरा..."

"फार छान आलंय अप्पा," मी मध्येच म्हटलं. "आजवरचं सगळ्यात छान. असंच होऊ दे."

"असंच म्हंजे?"

"म्हणजे काही करू नका. जसं होतंय तसं होऊ दे."

मी रोल भरत होते, माझी नजर फिल्मवर होती. ते "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मी पाहिलं नाही. जो चेहरा मी फोटोतून पुसत होते, तो समोर असतानाही पाहायचं मी सोडून दिलं होतं.

त्या हाताचे तीन फोटो पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात लागले. मी सुती साडी नेसून, अव्वाने दिलेली शेंगाचटणीची पुडी पिशवीत घेऊन तिथे मोठी कलाकार होऊन उभी होते. लोक फोटोसमोर थांबत होते, डोकं हलवत होते. एक साठीतली बाई मात्र बराच वेळ एकाच फोटोपुढे उभी राहिली आणि मग माझ्याकडे आली.

"यांना किती दिवस झाले?"

"कशाला?"

"हाताला कंप आहे ना त्यांच्या. आमच्या मिस्टरांचा असाच सुरू झाला होता. आधी एकच हात."

मी आठवीच्या वर्गाशी बोलते त्या आवाजात तिला सांगितलं, की हे तंत्र आहे, बारा सेकंद फिल्म उघडी ठेवली की हलणारी वस्तू अशी येते. तिने ऐकून घेतलं. जाता जाता फोटोकडे परत बघून म्हणाली, "दुसरा हात मात्र अगदी स्वच्छ आलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मी परत निघाले. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली तेव्हा मी कागदी कप घेऊन उन्हातच उभी राहिले, आणि ती बाई काय बोलली ते तिथे मला कळलं. तंत्र असतं तर दोन्ही हात गेले असते. तंत्राला डावा-उजवा कळत नाही. चहा तसाच टाकून मी गाडीत जाऊन बसले. पुढे मोडनिंब कधी गेलं ते कळलंही नाही.

घरी आल्यावर खोलीचं दार लावून मी सगळ्या प्रिंट पलंगावर तारखेने मांडल्या. प्रत्येकीच्या मागे मी पेन्सिलीने तारीख घालते, तेवढी शिस्त मला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या प्रिंटमध्ये डाव्या हाताच्या दोनच बोटांची टोकं पुसट होती. नंतर बोटं गेली. मग तळवा, मग मनगटापर्यंत सगळं. उजव्या हाताची नखं सुद्धा मोजता येत होती. अप्पांच्या शरीरात काय चाललंय ते माझ्या खोक्याने दोन वर्षं दर महिन्याला टिपून ठेवलं होतं, आणि मी त्याला छान म्हणत होते.

मग बाकीचंही आठवायला लागलं. अप्पा पूजेला पूर्वी हॉलमध्येच बसायचे, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, उजव्या हाताने भस्म लावत. गेलं वर्षभर ते आतल्या खोलीत दार लोटून पूजा करत होते. आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणसाला एकांत लागतो. दाराआड तो तळहात कसा थरथरत असेल आणि उजव्या हाताने ते त्याला कसा धरून ठेवत असतील, हे आता मला रोज दिसतं.

इथपर्यंतचं मी लोकांना सांगते. पुढचं कधी कुणाला सांगितलेलं नाही. कळल्यानंतर मी दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. फ्रीजमध्ये दोन रोल शिल्लक होते. ते मी काढून संपवले. गोळ्या सुरू झाल्या की हात थांबेल आणि हात थांबला की फोटो तसा येणार नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला होता, अगदी शब्दांत आला होता. दीड महिना गेला. अप्पा खुर्चीत बसून "लाभ, दोन, तीन" मोजत राहिले आणि मी खोक्याच्या मागे उभी राहून सगळं माहीत असताना त्यांचा हात जाताना बघत राहिले.

मग नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

"चार-सा म्हयनं झालं असतील," अप्पा म्हणाले.

तारखा घातलेल्या प्रिंट माझ्या पिशवीत होत्या. दाखवायला म्हणूनच नेल्या होत्या. मी पिशवीची चेन उघडली नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, हा आजार बरा होत नाही पण आवरता येतो म्हणाले, आणि थोडं आधी यायला हवं होतं, असंही म्हणाले.

येताना रिक्षात अप्पा बोलायला लागले. दुकान गुडघ्यांमुळे सोडलं नव्हतं. ब्लाऊजपीस कापताना कापड धरलेला डावा हात थरथरला आणि काप तिरका गेला. गिऱ्हाईक बाई हसली. अप्पांनी कात्री ठेवली ती ठेवलीच.

"मग घरी सांगायचं नाही का अप्पा?"

"सांगणार होतो की. तुलाच सांगणार होतो. पर तू म्हणालीस लई छान आलंय. मग म्हटलं असू दे. दुकानात न्हाय तर न्हाय, कुटं तरी उपेगाला येतंय."

ते हे टोमणा म्हणून बोलले असते तर मला सोसलं असतं. ते सरळ मनाने बोलले.

त्यानंतर मी खोका माळ्यावर टाकला. गोळ्यांनी हात पुष्कळ थांबला, पण त्याच आजारातलं दुसरं काही सुरू झालं. अप्पांचा चेहरा हळूहळू थिजत गेला. डोळ्यांची उघडझाप कमी झाली, बोलणं सपाट झालं. आतून ते तसेच होते, चेष्टा करायचे, अव्वाला छेडायचे, पण तोंडावर त्यातलं काही उमटायचं नाही. नातेवाईक म्हणायचे, अप्पा रागावलेत का? अव्वा म्हणायची, "रागावतील कशाला, हसत्यात की ते." तिला तरीही दिसायचं.

दिवाळीच्या आधी एके सकाळी त्यांनी स्वतःहून विषय काढला. "आता तरी काढ की गं. हात बी हलत न्हाय आता. डोळं उघडं ठेवतो."

मी शाळेच्या गॅदरिंगला वापरते तो फिल्मचा कॅमेरा काढला. भिंग असलेला, बटण असलेला, कडी सरकवल्यासारखा खट्टकन वाजणारा. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून लोखंडी खुर्चीत बसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्याकडे भिंगातून बघत होते. डोळे उघडे होते. बाकी सगळं दगडासारखं स्थिर होतं.

"हसलो तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल की, हसा."

चेहऱ्यावर काहीही हललं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आलं का हसू?"

"आलं," मी म्हटलं.

मला बटण दाबता आलं नाही. बोट बटणावर होतं आणि मी दाबलं नाही. माझे अप्पा त्या चेहऱ्यामागे कुठेतरी हसत होते, आणि मी दाबलं असतं तर जे दिसतंय तेच कायमचं राहिलं असतं. मला भीती वाटली, आणि लाजही. ज्यांचा हलता चेहरा मी वर्षानुवर्षं पुसला, त्यांचा आता हा घ्यायचा?

"निघाला?" अप्पांनी विचारलं.

"निघाला."

ते तसेच बसून राहिले. मग परत म्हणाले, "निघाला नव्हं?"

"हो अप्पा. मस्त आलाय. पाणी आलं की धुते."

चार दिवसांनी पाणी आलं. नळाची धार पिंपात पडायला लागली तसे अप्पा टोपी घालून परसात येऊन बसले. "आज पाणी आलंय. धुतलास का फोटो?" मी म्हटलं, रोल अजून संपला नाही. पुढच्या पाण्याला फिल्म धुवायचं औषध संपलंय म्हटलं. त्याच्या पुढच्या पाण्याला, शाळेचे पेपर तपासायचे आहेत. प्रत्येक पाण्याला ते विचारायचे, आणि प्रत्येक पाण्याला माझ्याकडे नवीन कारण असायचं. मी मनात ठरवायचे, उद्या गुपचूप बसवू, खरोखर काढू आणि हाच तो म्हणून देऊ. उद्या त्यांचा चेहरा जरा मोकळा असेल. पाण्याच्या दिवशी ते सदरा-टोपी घालून त्या खुर्चीत तासन्‌तास का बसतात, याचा मी विचारच केला नाही. नळाचा आवाज आवडत असेल, असं वाटायचं.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात ते गेले. पहाटे गेले. सकाळी भाऊ आला, नातेवाईक आले, मठातून स्वामी आले. अप्पांना आंघोळ घालून परसातच त्या लोखंडी खुर्चीत बसवलं, कारण त्यांना दुसरी कुठली खुर्ची सोयीची नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कपाळावर भस्म, गळ्यात शेवंतीच्या माळा. डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्यावर इष्टलिंग ठेवलं. मी त्या हाताकडे बघत होते. तो जराही हलत नव्हता.

मोबाइलवर सगळ्यांनी फोटो काढले. मग आत्या, अप्पांची बहीण, मला म्हणाली, "तू फोटोवाली ना? बापाचा शेवटचा एक काढ की."

मी आत गेले. शाळेचा कॅमेरा टेबलावरच होता. त्याला हात लावायचा धीर झाला नाही. माळ्यावरून खोका काढला, रोल भरला आणि स्टुलावर ठेवला. घरची माणसं अप्पांच्या भोवती उभी राहिली. अव्वा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती, भाऊ मागून खांद्याला धरून उभा होता. मी चकती सरकवली आणि सगळं शांत झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोजणारं कुणी नाही. मला आकडा आठवेना. किती वेळ झाला तेही कळेना.

"लाभ," अव्वा म्हणाली.

स्वयंपाकघरातून तिने इतकी वर्षं ऐकलं होतं. समोर बघत, आवाज न चढवता, ती मोजत गेली. "दोन... तीन... चार..." बारा म्हणाली तशी मी चकती लावली.

अकराव्या दिवसाच्या कार्यक्रमाला भिंतीवर लावायला फोटो लागतो. भावाने अप्पांच्या पुतणीच्या लग्नातला मोबाइलवरचा एक फोटो मोठा करून आणला. डोळे उघडे होते. शेजारच्या कुणाचं तरी कोपर कापून मागे निळा रंग भरलेला होता. अव्वाने पाहिला आणि "बरं हाय" एवढंच म्हणाली. दिवाळीच्या आधी मी काढला म्हणून सांगितलेल्या फोटोबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

कार्यक्रम झाल्यावर भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. शेवटची फिल्म मी धुऊन वाळवून ठेवली होती. बाथरूमला पडदा लावून, लाल दिव्यात, मी तिची एक प्रिंट केली आणि ट्रे नळाखाली धरला.

आत्या नव्हती, तिच्या जागी एक करडा डाग होता. भाऊ रडत होता, त्याचे खांदे हलत होते, म्हणून खांद्यांसकट तो गेला होता. अप्पांना धरणारे त्याचे हातही नव्हते. अव्वाचं लुगडं होतं, तिचा गुडघा होता, पण मोजताना ओठ हलल्यामुळे तिला तोंड नव्हतं. आणि या सगळ्या भुतांच्या मधोमध अप्पा बसले होते. सदऱ्याची बटणं दिसत होती. भस्माचा पट्टा न पट्टा दिसत होता. मिशीखाली मिटलेलं तोंड होतं, जे माझ्या एकाही फोटोत नव्हतं. डाव्या हाताची पाचही बोटं होती. फक्त डोळे मिटलेले होते. माझ्या खोक्यातून निघालेला त्यांचा पहिला धड फोटो हा, आणि नको म्हणाले होते तोही हाच. मी ट्रे नळाखालीच ठेवला आणि दार उघडलं.

अव्वा बादली घ्यायला दारात आली होती. पदराला हात पुसून तिने ट्रे उजेडाकडे ओढला आणि बराच वेळ बघितलं.

"लई धड आलेत," ती म्हणाली. "असला नको म्हणायचे."

मग मला राहवलं नाही. "अव्वा, तो दुसरा फोटो मी काढलाच नव्हता. दिवाळीच्या आधीचा. बटण दाबलं नव्हतं मी. खोटं बोलले."

"म्हाईत हाय."

"तुला कसं माहीत?"

"त्यास्नी म्हाईत होतं. त्याच दिवशी आत येऊन म्हणाले मला कानडीत, कॅमेरा वाजला न्हाय म्हणून. पोरीला सांगू नको म्हणाले."

"मग दर पाण्याला विचारायचे कशाला?"

अव्वाने ट्रे माझ्याकडे सरकवला. "तू म्हणशील म्हणून की गं. फोटो बिघडला अप्पा, परत बसा, असं कवा तरी म्हणशील. म्हणून तर सदरा घालून तयार बसायचे."

नळाची धार बारीक झाली होती. अव्वाने रिकामी बादली उचलली.

"धू लवकर," ती म्हणाली. "पाणी चाललं."